नर्सबायचा केसपेपर

मुळगावच्या त्या अंगणात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा नर्सबाय दोन्ही हात पाठीमागं बांधून एका टोपलीपुढं उभ्या होत्या. टोपलीत कोंबडी, कोंबडीखाली अंडी, आणि एका अंड्याला चीर गेलेली. चिरेतून पिल्लाची चोच दिसायची, दमून थांबायची, पुन्हा टकटक करायची. मी खांद्यावरचं हत्यारांचं पोतं खाली ठेवलं. ओळख ना पाळख, पण गावाकडची सवय. म्हणालो, "फोडून देऊ का जरा?"

त्यांनी मान वळवली नाही. "तुका कोणें फोडून दिल्लें?"

काम काय ते विचारायला आलो होतो, पण बाईंची नजर हलेना, म्हणून मीही तिथंच. अर्धा तास तरी गेला असेल. शेवटी ओलं, मळकट पिल्लू कवचातून बाहेर सांडलं, तेव्हा त्यांनी हात सोडले, चष्मा पदरानं पुसला आणि माझ्याकडं पाहिलं. "हां. आता बोल. गवंडी मरे तूं?"

"हो, बाई."

खरं तर गवंडी होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. गडहिंग्लजच्या बाजूचं आमचं गाव. पाचवीत शाळा सुटली, तंबाखूच्या रानात राबलो, मग गावातल्या दोघांच्या मागनं गोव्यात आलो. सात वर्षं घमेली वाहिली, तेव्हा कुठं थापी हातात आली. त्यामुळं कुणी जरा मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, की आता थापी काढून घेणार आणि पुन्हा घमेलं देणार. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे केलं त्याला ही सबब होत नाही, पण भीती होती ती होती.

नर्सबाय म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त दाई. पहिली एक-दोन वर्षं पेडण्याकडं, मग सगळी नोकरी डिचोलीत. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, निळ्या काठाची पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा. लग्न केलेलं नव्हतं. आसपासच्या चार गावांतली तिशीच्या आतली बहुतेक माणसं त्यांच्याच हातात पहिल्यांदा रडलेली, आणि कोण कसं जन्मलं ते बाईंना पाठ. आमचा मुकादम जवळच्याच गावचा, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. एकदा त्यांच्या दारात तो आमच्यावर ओरडत होता तर बाई खिडकीतून म्हणाल्या, "हळू रे. तूं पायांनी आयिल्लो. आवयक तुझ्या तीन दिस सतयली. अजून उलटोच चलता." पायाळू मुकादम त्या दिवशी पुन्हा बोललाच नाही. आम्ही सगळे मिशीतल्या मिशीत हसलो. काशव्वा तर घमेलं खाली ठेवून हसली.

काशव्वा आमच्यातली बिगारी, खानापूरकडची. पन्नाशीची असेल. मी नवीन होतो तेव्हा डोक्यावर चुंबळ कशी ठेवायची ते तिनं शिकवलं. पहिल्या पावसाळ्यात मला हिवताप आला, तर आठ दिवस आंबील करून पाजली. मी तिला मावशी म्हणायचो. गवंडी झाल्यावर हाक मारणं थोडं कमी केलं होतं. तेही सांगून ठेवतो.

काम होतं सोप्याचं. बाईंच्या घराला पुढं लांब सोपा, त्याची जमीन उखडलेली आणि मधला लाकडी खांब वाळवीनं खाल्लेला. खांब काढून सिमेंटचा घालायचा, जमीन नवी करायची, भिंतींना प्लास्टर. पण त्या खांबावर, डोक्याच्या उंचीवर, एक झाड चिकटलेलं होतं. जाड, पन्हळीसारखी पानं, आणि खाली लोंबणारी, सुतळीएवढी जाड, पांढरट मुळं. माती नाही, कुंडी नाही. हवेत मुळं सोडून बसलेलं.

"ही सीतेची वेणी," बाई म्हणाल्या. आता शहरात याला सगळे ऑर्किड म्हणतात, नर्सरीत प्लास्टिकच्या कुंडीत मिळतं. तेव्हा मला नावच नवीन. मे महिन्याच्या शेवटी या झाडाला हातभर लांब, पांढऱ्या-जांभळ्या फुलांची भरगच्च वेणी लोंबते, म्हणाल्या. बाईंनी पेडण्याकडच्या पार्सें गावात पहिलं बाळंतपण एकटीनं पार पाडलं, तेव्हा घरच्यांनी काय हवं विचारलं. अंगणातल्या फणसाची फांदी तोडून टाकलेली होती, तिच्यावर हे रोप होतं. बाईंनी तेवढंच मागितलं. घर बांधलं तेव्हा फांदीसकट खांबाला बांधलं. फांदी कुजून गेली, झाडानं खांब धरला. दरवर्षीची पहिली वेणी वाड्यात जी कुणी नुकती बाळंत झाली असेल तिला जायची. स्वतः बाईंनी कधी माळली नाही.

त्या चार दिवस पार्सेंला भाचीकडं जाणार होत्या. निघताना मला खांबापाशी नेलं आणि बोटानं दाखवलं. "हांगा वयर काप, हांगा सकल काप. लाकडाचो तुकडो झाडाक तसोच रावूं दी. तुकडो नव्या खांबाक तारेन बांध. झाड सोडवूं नाका. समजलें?"

"समजलं, बाई."

"म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. वर काप, खाली काप, तुकडा तसाच, झाड सोडवायचं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सोडवलं.

खांब कापला तर आतून वाळवीची माती भसाभसा गळायला लागली. मला वाटलं, हा कुजका तुकडा नव्या खांबाला बांधायचा म्हणजे उद्या वाळवी छपरात. आणि खरं मनातलं सांगायचं तर मला त्या झाडाची कीव आली. शेतकऱ्याच्या पोटचा मी. ज्याच्या मुळाला माती नाही ते कसलं झाड? शहाण्या बाई, पण दवाखान्यातल्या, त्यांना शेतीतलं काय कळणार? मी थापी घालून मुळं लाकडापासून सोडवली. निम्मी तुटली. खाली लोंबणारी, वाळकी दिसणारी छाटून टाकली. मोठी कुंडी आणली, लाल माती, भरपूर शेणखत, त्यात झाड गच्च दाबलं, हलू नये म्हणून थापीच्या बुडानं ठोकलं, आणि वरची माती थापीनं सपाट, गुळगुळीत करून घेतली. मग भिंतीच्या प्लास्टरला करतो तसंच केलं. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि काशव्वाला सांगितलं, "प्लास्टरवर पाणी मारशील तेव्हा हिच्यावरही मार. तीन टायमाला."

ती म्हणाली, "बाई तर वेगळंच सांगून गेली की रे."

"मी सांगतोय ना."

नवीन गवंडी होतो मी. प्लास्टर पाण्यानं पक्कं होतं एवढं मला येत होतं, आणि जे येत होतं ते मी सगळ्या जगाला लावत होतो.

बाई पाचव्या दिवशी आल्या. पिशवी हातात तशीच. कुंडीसमोर उभ्या राहिल्या. पानं पिवळी पडून खाली लवली होती, बुंध्याजवळ काळपट पाणी सुटलं होतं, आणि वास येत होता. त्यांनी गोणपाट उचललं, वाकून वास घेतला, मग मातीच्या त्या सपाट केलेल्या पाठीवरून एक बोट हळूच फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर माझ्याकडं पाहिलं. असली पाठ फक्त गवंड्याची थापीच काढते. ते मला कळलं, आणि त्यांनाही कळलं हे मला कळलं.

पण विचारलं ते मुकादमानं, आणि ओरडून विचारलं. "कोणाचे उपद्व्याप हे?"

 मग कुणीतरी म्हणालं, काशव्वा पाणी घालत होती. मुकादम तिच्यावर धावला. ती म्हणाली, "मला गवंड्यानं सांगितलं तेच केलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मी प्लास्टरला पाणी मार म्हणालो होतो."

वाक्य खरं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.

काशव्वानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. तोंडातली मिश्री थुंकली आणि हात धुतले. संध्याकाळच्या आत मुकादमानं तिला केरीच्या कामावर पाठवलं. केरी म्हणजे गोव्याचं वरचं टोक, समुद्राच्या काठाला. इथं खोलीत तिच्या बहिणीसकट चौघीजणी होत्या, तिथं ती एकटी. गाठोडं डोक्यावर घेऊन ती बसकडं गेली. मी त्या वेळी भिंतीकडं तोंड करून आधीच झालेल्या प्लास्टरवर पुन्हा रंधा फिरवत होतो.

नर्सबायनी ओलं गोणपाट सोडून कुंडी सावलीत ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. "म्हादेवा, हात साबणान धू. नखांसकट."

मेजावर वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यांनी कुंडी आडवी केली, माती सैल केली, झाड बाहेर काढलं आणि साध्या पाण्यात धुतलं. जी मुळं मऊ, तपकिरी, दाबली की सालासारखी सुटणारी होती ती गरम पाण्यातून काढलेल्या कात्रीनं कापली. कापत गेल्या, कापत गेल्या. शेवटी दोनच मुळं उरली, करंगळीएवढी. कापलेल्या जागांवर हळद लावली. बुंध्याचा मऊ भाग चाकूनं खरवडून तिथंही हळद. मग झाड उलटं टांगून एक दिवस सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी फणसाच्या जुन्या सालीचा तुकडा आणला, त्यावर नारळाच्या सोडणाचे चार धागे ठेवले, झाड त्यावर टेकवलं आणि मला सांगितलं, "बांध. घट्ट नाका, सैल नाका. हालूंक जायना इतलेंच."

मी बांधलं. 

"आता?" मी म्हणालो. "पाणी? खत?"

"बाळंतिणीक पयल्या दिसा पुरणपोळी घालता तुमगेर?"

सोप्याच्या मागच्या अंगाला, जिथं ऊन थेट येत नाही अशा जागी तो तुकडा टांगला. खाली परातीत पाणी ठेवलं, दमटपणा राहावा म्हणून. सकाळी फक्त सालीवर पाण्याचा हलका फवारा, तोही पानांच्या बेचक्यात थेंब राहणार नाही असा. बाकी काही नाही. खत नाही, हलवणं नाही, जागा बदलणं नाही.

मग त्यांनी कपाटातून दवाखान्यातले जुने छापील कागद काढले. केसपेपर. नाव, वय, गाव, तक्रार, कारण, उपचार, आणि खाली रोजच्या नोंदीला रेघा. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात त्यांनी लिहिलं. नाव: सीतेची वेणी. वय: बत्तीस. गाव: पार्सें, हल्ली मुळगाव. तक्रार: मुळं कुजली. मग पेन्सिल माझ्यापुढं धरली.

"कारण तूं बरय. कळ्ळें काय बरय. सकाळची नोंदूय तूंच करची."

"मला लिहायला येत नाही नीट, बाई. पाचवी झालोय."

"पाचवी भरपूर. डॉक्टरांचें अक्षर पळयलां तूं?"

कारणाची ओळ मी तशीच सोडली. खाली तारीख घातली आणि लिहिलं, 'पाणी दीले'. माझ्या हातानं दहा-बारा वर्षांत लिहिलेले ते पहिले शब्द. कागद पुठ्ठ्याला लावून त्यांनी झाडाशेजारच्या खिळ्यावर टांगला.

सोप्याचं काम संपलं, पण बाईंकडचं काम संपेना. मागची पायरी, मग विहिरीचा काठ, मग न्हाणीचा कोपरा. दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी थोडकं निघायचं, आणि मुकादमाला निरोप जायचा की तोच गवंडी पाठव. माझा मुक्काम खाणीच्या बाजूच्या शेडमध्ये होता. मी रोज कामावर जाण्याआधी वाट वाकडी करून फवारा मारून नोंद करायला यायचो. पाव विकणारा पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत येण्याची तीच वेळ. बाई दोन गोल उंडे घ्यायच्या, एक माझ्यापुढं ठेवायच्या, बिनदुधाचा चहा. "खा. पेशंटाच्या नातलगाक उपास नाका."

खाणीच्या ट्रकांची लाल धूळ पानांवर बसायची. त्यांनी मला ओल्या कापसानं ती पुसायला शिकवलं, बुंध्याकडून टोकाकडं, पान हातावर आडवं धरून. बाळाचा पाय धरावा तसं. तेवढाच काय तो हात लावायची परवानगी.

महिने गेले, काही हललं नाही. एक पान गळलं. मी लिहिलं, 'पान गेले १'. मला धीर धरवेना. एका सकाळी बाई आत होत्या तेव्हा मी झाडाचा बुंधा दोन बोटांत धरून जरासा ओढून पाहिला, धरलंय का म्हणून. मागून आवाज आला.

"ओढलें?"

"जरासंच."

"काल?"

"कालही."

"परवां पळयलें?"

"हो."

"सदां ओढून पळयलें जाल्यार तें धरतलें कशें रे? मूळ आतां येवपाक लागता आनी तूं तें मोडटा." मग त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली आणि माझे हात माझ्याच पाठीमागं नेऊन ठेवले. "हे हांगा. माझे तेत्तीस वर्सां हांगाच आसले. लोकांक दिसता नर्स हातान काम करता. पण जास्त काम हात पाठीं धरून करचें पडटा. चुलत्यो, मावश्यो सगळ्यो म्हणटात, कर गे कितें तरी, ओड गे. हांव उबी."

त्या दिवशी नोंदीत काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बरय, नातलगान ओढलें." मी लिहिलं. मग त्यांची नजर वरच्या रिकाम्या ओळीवर गेली. मीही पाहिलं. त्या चहाचे कप उचलून आत गेल्या.

त्यांनी कधी विचारलं नाही. ते मला मार खाण्यापेक्षा जड जायचं. एकदा तर मला वाटलं, विसरल्या असतील. आणि असं वाटल्यावर बरं वाटलं, याचीही नंतर लाज वाटली.

पहिलं मूळ फुटलं ते फेब्रुवारीत. पानाच्या खालून, सालीच्या वर, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी, टोकाला हिरवंगार. मी ओरडलोच. बाई धावत आल्या, चष्मा चढवला, हात मागं बांधले आणि वाकून इतका वेळ पाहिलं की मला वाटलं काहीतरी वाईट आहे. मग म्हणाल्या, "आयलें." एवढंच.  आत जाऊन उंड्याला तूप आणि गूळ लावून आणला.

"बरय."

मी लिहिलं, 'मुळ फूटले'.

"आनी वयर?"

"नंतर लिहितो, बाई."

"बरें," त्या म्हणाल्या.

त्या मे महिन्यात वेणी लागली नाही. बाई म्हणाल्या, लागायचीच नाही, आधी अंगात ताकद भरू दे. पुढचा पाऊस गेला, आणि थंडीत गोव्यात भाषेवरून पेटलं. कोंकणी की मराठी, राज्य कुणाचं, भिंतीभिंतीवर घोषणा. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बस बंद, कामं बंद. आमच्या शेडवर कुणीतरी दगड मारले आणि घाटी म्हणून शिव्या दिल्या. आम्ही कुठल्याच बाजूचे नव्हतो, आम्हाला बाजू माहीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाय स्वतः चालत शेडपर्यंत आल्या. "म्हादेवा, चल. सोपो तुझोच बांधिल्लो, न्हिदपाक जागो जाय मरे?"

पाच दिवस मी त्या सोप्यात झोपलो, त्या घरात जेवलो. तांदळाची पेज, आंब्याचं लोणचं, एकदा बांगडा. सकाळी मराठीवाले सह्या मागायला आले, दुपारी कोंकणीवाले. दोन्ही टोळ्यांतली निम्मी पोरं त्यांच्याच हातची. दोघांनाही त्यांनी एकच उत्तर दिलं. "हांव वाचता मराठी, उलयता कोंकणी. पण बाळंतपणाच्यो कळो येतकच बायल खंयच्या भाशेंत आरडटा, तें माका इतल्या वर्सांत कळूंक ना. तुमी विचारून येयात, मागीर हांव सही करतां." दोन्ही वेळा पोरं लाजून हसत गेली. एकाला जाताना म्हणाल्या, "आणि तुझी बायको सातव्यात आसा न्ही? मग तूं रस्त्यार झाडां कित्याक आडवीं घालता? दवाखान्यात तिका झाडावयल्यान व्हरतलो?"

मी हसलो. आणि लगेच हसू गेलं. जी बाई मला दगडांतून घरी घेऊन आली, जिच्या घरात मी जेवत होतो, तिच्या भिंतीवर, माझ्या अंथरुणापासून चार हातांवर तो कागद टांगलेला होता. त्यावर माझ्याच हाताच्या वर्षभराच्या नोंदी, आणि वरती ती एक ओळ कोरी.

वेणी लागली ती गोवा घटकराज्य झालं त्या दिवसांत. डिचोलीत फटाके वाजत होते, चौकात पेढे वाटले. मी सकाळी आलो तर पानांच्या मधून आदल्या आठवड्यात निघालेला दांडा रात्रीतून भरून खाली लोंबला होता. पूर्वी हातभर असायची म्हणत, ही वीतभरच. पण गच्च, पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची. बाई समोर उभ्या होत्या. हात मागं.

"वाड्यात कोण बाळंतीण आहे यंदा?" मी विचारलं.

"आसा. मुकादमाची भावजय." मग म्हणाल्या, "पण यंदा तिका ना." त्यांनी कात्री आणली, उकळत्या पाण्यातून काढलेली. दांडा तिरपा कापला. ओल्या फडक्यात गुंडाळून केळीच्या पानात बांधला. माझ्यापुढं धरला नाही. मेजावर ठेवला. शेजारी खिळ्यावरचा कागद काढून ठेवला. त्यावर पेन्सिल ठेवली. आणि खुर्ची ओढून माझ्याकडं पाठ करून बसल्या.

मी पेन्सिल उचलली. मग बसलो आणि लिहिलं. हळूहळू, अक्षर लागेल असं.

कारण: महादेव गवंडी. बाईनी नको सांगितले तरी झाड सोडवले. मातीत दाबले. काशव्वाला पाणी घालायला मीच सांगितले. विचारले तेव्हा खोटे बोललो.

कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. "माका हें पयल्या दिसा खबर आसलें," त्या म्हणाल्या. "माका सांगून कितें? जिका सांगपाक जाय तिका वाचून दाखय. तिका वाचपाक येना मरे?"

"नाही."

"जाल्यार तूं वाच. दर एक उतर."

केरीला पोचायला दुपार झाली. काशव्वा एका हॉटेलाच्या बांधकामावर रेती वाहत होती. पूर्वीपेक्षा वाकली होती. मला पाहून थांबली नाही. मी मागं मागं गेलो आणि कागद काढला. वाचला. तिनं घमेलं रिकामं केलं. "परत वाच." मी परत वाचला. मग तिनं हाक मारून कामावरच्या सगळ्यांना बोलावलं, तिथला मुकादमही आला. "आता यांच्यासमोर वाच. मोठ्यानं." मी वाचला. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचातरी वाटत होता. मुकादम हसला. काशव्वा हसली नाही. तिनं माझ्या हातातलं केळीचं पान घेऊन सोडलं, वेणी उलटसुलट करून पाहिली आणि अंबाड्यात खोचली, घामेजलेल्या, रेतीनं भरलेल्या केसांत.

"फूल घेते," ती म्हणाली. "झाडाचं आहे ते. तुझं नाही." घमेलं उचलताना म्हणाली, "तुला खरं बोलायला फूल यावं लागलं रे, म्हादू. दीड वर्षं." आणि गेली. मी मावशी म्हणून हाक मारली. तिनं ऐकली असेल.

पुढच्या रविवारी मी मुळगावला गेलो. मुकादमानं मला कोल्हापूरकडच्या एका कामावर धाडायचं ठरवलं होतं, म्हणून निरोप घ्यायलाही. बाईंनी उंडा पुढं ठेवला आणि विचारलं, "कितें म्हणलें तिणें?"

मी सांगितलं, शब्दन् शब्द. त्यांनी मान हलवली. मग हात पुढं केला. मी कागद दिला. वाटलं, आता फाडतील, नाहीतर ट्रंकेत ठेवतील. त्यांनी तो परत पुठ्ठ्याला लावला आणि जुन्याच खिळ्यावर टांगला, अक्षरं बाहेरच्या बाजूला करून. सोप्यावर दिवसभर माणसं यायची. पोट दाखवायला आलेल्या पोरी, त्यांच्या सासवा, पोदेर, मुकादमसुद्धा. सगळ्यांना वाचता येईल असा.

"बाई, तो आता काढला तर..."

"लज दिसता?"

"हो."

"दिसूं दी," त्या म्हणाल्या. "हात लायनाका."

फाटकाशी वळून मी पाहिलं. त्या उठून झाडासमोर गेल्या होत्या. कापलेल्या दांड्याच्या बाजूला आणखी एक नवं मूळ निघत होतं, ते मी आल्या आल्याच पाहिलं होतं. कागद वाऱ्यानं हलत होता. त्या त्याच्याकडं पाहत नव्हत्या, माझ्याकडंही नाही. दोन्ही हात पाठीमागं, डाव्या मुठीत उजवं मनगट, आणि मान थोडी पुढं, पहिल्या दिवशी त्या टोपलीपुढं होती तशीच.